मागच्या चाकाचा दगड

लकवा झाल्यावर भाऊच्या तोंडून पहिलं धड वाक्य निघालं ते गाडीच्या मागच्या ब्रेकबद्दल. मी त्याची धाकटी बहीण. सगळी नोकरी सातपुड्यातल्या उपकेंद्रांवर नर्स म्हणून काढली, निवृत्त झाले, आणि भाऊ आजारी पडला म्हणून नंदुरबारला त्याच्याच घरी येऊन राहिले. त्याला उठवणं, बसवणं, अंग पुसणं, भरवणं, सगळं माझ्याकडे. निदान माझं नाव तरी आधी घ्यावं की नाही माणसाने? त्या दुपारी मी त्याच्या उजव्या हाताची वळलेली बोटं एकेक करून उघडत होते. छताकडे बघत तो म्हणाला, "मांगला ब्रेक राही ग्यात."

राहून गेले म्हणे. मी विचारलं, कसले ब्रेक? त्याने डोळ्यांनी खाटेखाली दाखवलं.

खाटेखाली मिरचीचं एक बारदान होतं. रोज केर काढताना माझा झाडू त्यावर आपटायचा आणि मी त्याला शिव्या घालायचे, कारण ते एका हाताने सरकतही नव्हतं. उघडून बघितलं तर आत तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवलेलं लोखंड. दोन डिस्क, त्यांना चिमट्यासारखे धरणारे दोन कॅलिपर, चाकांचे हब, केबलची गुंडाळी. आजारी माणसाच्या खाटेखाली लोक औषधं ठेवतात, आमच्याकडे हे.

गाडीबद्दल सांगायला हवं. भाऊचा धंदा मिरचीचा. गावाबाहेर त्याची पथारी होती, म्हणजे ओल्या लाल मिरच्या वाळत घालायचं मोठं मैदान. बाकीच्या व्यापाऱ्यांनी पैसा आल्यावर उंच पांढऱ्या गाड्या घेतल्या. याने सुरतच्या एका शौकीन माणसाकडून जुनी, बुटकी, लाल गाडी आणली. तिच्या काळात ती तिच्या कंपनीची सगळ्यात पळणारी गाडी होती, असं तो ज्याला त्याला अडवून सांगायचा. बसलं की माणूस जमिनीला टेकतो, उठताना गुडघे धरावे लागतात, आणि सायलेन्सरचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो. वहिनी होती तोवर ती त्या गाडीला सवत म्हणायची. वहिनी गेल्यावर मात्र भाऊला तेवढी एकच उरली. मुलगा पुण्याला, तो सणाला येतो.

त्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक आणि मागे जुने ड्रम, याचं भाऊला भारी दुखणं होतं. एवढी पळणारी गाडी आणि मागे रिक्षासारखे ड्रम, असं तो म्हणायचा. घाटातून उतरताना ड्रम तापतात, मग पायाखालचं पेडल मऊ पडतं, मग जीव मुठीत धरून उतरा. त्याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलचे मागचे डिस्क या गाडीला बसतात हे त्याने कुठून तरी शोधून काढलं आणि भंगार बाजारात फिरून फिरून एकेक भाग जमवला. सगळं जमलं, बारदानात बांधलं, आणि हंगाम संपला की बसवू म्हणून खाटेखाली सरकवलं.

हंगाम संपायच्या आत तो पथारीवर पडला. मिरच्यांतच पडला, तोंडावर. काम करणाऱ्या बायांनी त्याचे डोळे धुतले, पाणी मारत राहिल्या, कारण सगळ्यांना वाटलं मिरची लागून तडफडतोय. त्यात वेळ गेला. त्या बायांचा काय दोष? मी असते तरी आधी डोळेच धुतले असते. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं गेलं. पुढे जवळजवळ वर्षभर तो एक तर हं म्हणायचा किंवा तोंड फिरवायचा. जेवणाला तोंड फिरवायचा, व्यायामाला तोंड फिरवायचा, मुलाच्या फोनला तोंड फिरवायचा. डोंगरात मी अशी माणसं बघितली आहेत. दुखणं त्यांना नेत नाही, ती आपल्या पायांनी निघून जातात. भाऊ तसा निघालाय हे मला कळत होतं, आणि मी एवढी शिकलेली नर्स, त्याला धरायला माझ्याकडे काही नव्हतं.

म्हणून ते ब्रेकचं वाक्य ऐकल्यावर मी दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीला बोलावलं. भाच्याचा फोन आला, "आत्या, गाडी विकून टाक. पप्पा आता ती चालवणार आहेत का?" मी म्हटलं, "तुझे पप्पा आता जेवतही नाहीत, मग चूल पण विकून टाकू का?"  मी अशीच बोलते, त्याला सवय आहे.

मिस्त्री रनाळ्याचा. दोंडाईचा रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज आहे. भाऊची गाडी तो पहिल्यापासून बघायचा आणि पहिल्यापासून तिच्यावर वैतागायचा. बारदान उघडून त्याने एकेक भाग हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "ताई, शेठनी मन्हासाठे बराच उद्योग करी ठेयेल शे." पण डोळे चमकले होते त्याचे. भाऊला मी घरची खुर्ची टाकून गॅरेजच्या दारात बसवलं. गार हवा होती, अंगावर घोंगडी दिली. मागची चाकं निघाली, ड्रम निघाले. ड्रमच्या आत काळी पूड साचलेली आणि ड्रमला घासून चाक थांबवणारे लायनर झिजून पापुद्र्याएवढे राहिलेले. मिस्त्रीने ते भाऊपुढे धरले. भाऊ हसला. एकाच बाजूने हसला, कारण दुसरी बाजू हसत नाही, पण मी ते वर्षाने बघत होते.

काम सरळ झालं नाही. एका बाजूचा जुना हब गंजून बसला होता, तो निघता निघेना. हँडब्रेकची केबल लांब पडली, ती बदलून आणावी लागली. मागचे ब्रेक पुढच्यापेक्षा जोरात लागले तर गाडी गर्रकन फिरते, म्हणून मिस्त्रीने तेलाच्या नळीत एक व्हॉल्व्ह टाकला आणि तो पुन्हा पुन्हा कमीजास्त करत बसला. भाऊ रोज यायचा. म्हणजे मी त्याला रोज रिक्षात घालून आणायचे. तो बघायचा, आणि मधूनच एखादा शब्द टाकायचा. बरोबर नेमका शब्द. मिस्त्री तोंडाने कुरकुर करायचा आणि तसंच करायचा.

शेवटी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचं काम आलं. याला दोन माणसं लागतात. एक चाकापाशी बसून स्क्रू ढिला करतो, दुसरा आत बसून पेडल दाबतो आणि दाबून धरतो. आतल्याने मध्येच पाय सोडला तर हवा परत आत शिरते आणि सगळं पहिल्यापासून. मिस्त्री मला म्हणाला, ताई तुम्ही बसा. भाऊ म्हणाला, "मी."

मी आणि मिस्त्रीने त्याला उचलून ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलं. उजवा पाय बाजूला सारला आणि डावा पेडलवर ठेवला. मिस्त्री चाकामागे गेला. तिथून त्याचा आवाज यायचा, "दाबा शेठ. धरी ठेवा. धरी ठेवा. सोडा." भाऊ दाबायचा, धरून ठेवायचा, सोडायचा. त्याच्या कपाळाला घाम आला. एका चाकाचं झालं, दुसऱ्याचं झालं, मग पुढची दोन्ही. मी म्हटलं, थकला असशील, मी बसते. त्याने मान हलवली. एकदाही त्याचा पाय मध्ये सुटला नाही. पेडल टणक झालं तेव्हा मिस्त्रीने हात पुसत सांगितलं, आता डोंगर उतरा बिनधास्त. मला वाटलं, आला माझा भाऊ परत. मला खरंच तसं वाटलं.

आमच्याकडे गाडीचं कुठलंही मोठं काम झालं की ती तोरणमाळच्या घाटात नेतात. वर जायचं, आणि उतरताना एका वळणावर थांबून आईला नारळ फोडायचा. आई म्हणजे शेंदूर लावलेले दोन दगड, वर आंब्याचं झाड, बाजूला गाडी उभी राहील एवढी मोकळी जागा. चढताना तिथे कोणी थांबत नाही. उतरतानाच थांबायचं, कारण जे काय वाईट होतं ते उतरतानाच होतं. आणि आईपुढे इंजिन बंद करायचं नाही. जुन्या जीपगाड्यांच्या दिवसांत बॅटऱ्या मेलेल्या असायच्या, घाटात इंजिन बंद पडलं की पडलं, मग लोक म्हणायचे आईने गाडी ठेवून घेतली. त्या भीतीने रीत पडली. बॅटऱ्या सुधारल्या, रीत तशीच आहे. नोकरीत मी अशा किती जीपमधून उतरले असेन. गाडी घुरघुरत उभी, गिअर काढलेला, हँडब्रेक ओढलेला, ड्रायव्हर नारळ घेऊन खाली, आणि मागच्या चाकाला दगड.

हा दगडाचा प्रकार भाऊच्या रागाचा विषय होता. घाटातले ड्रायव्हर रस्त्यातला कुठलाही दगड उचलून चाकाला लावतात आणि जाताना तिथेच टाकून जातात. मग मागून येणारा त्यावर आदळतो. भाऊ म्हणायचा, असल्या माणसाला पाणीसुद्धा देऊ नये. तो स्वतःचा दगड डिकीत घेऊन फिरायचा. काळा, एका बाजूने उतरता, चाकाखाली बरोबर बसणारा. लावायचा, काम झालं की काढायचा, बारदानात गुंडाळून परत डिकीत. मला गाडी त्यानेच शिकवली, आणि पहिल्या दिवशी क्लचच्याही आधी दगड कसा लावायचा ते शिकवलं. दुसरं शिकवलं ते हे की, उतारावर थांबलं की स्टेअरिंग डोंगराच्या बाजूला मोडून ठेवायचं.

संक्रांत झाल्यावर आम्ही निघालो. मी दगड डिकीत ठेवत होते. भाऊ आधीच पुढच्या सीटवर बसलेला, पट्टा बांधलेला, मान वळवून म्हणाला, "दगड कसाले? आते मांगे डिस्क शे."

एवढं लांब वाक्य. मी दगड काढून पायरीशी ठेवला. त्या दिवशी तो म्हणाला असता चाकं काढून ठेव, तर मी तीही ठेवली असती.

प्रकाशाचा पूल, शहादा, मग डोंगर. दिवाळीनंतर डोंगरातली माणसं उसाच्या कामाला गुजरातेत निघून जातात. वाटेतली घरं बंद होती, दारांना काट्या लावलेल्या. एखाद्या ओट्यावर म्हातारं माणूस आणि शेळी, बाकी काही नाही. झाडं वाळलेली, धूळ. गाडी चढली मात्र झकास. वर तळ्याकाठी भाऊला गाडीतच चहा पाजला. त्याने निम्मा घेतला. निम्मा म्हणजे चांगलाच.

उतरताना मी मुद्दाम ब्रेक वापरले. पाय ठेवला की गाडी बसायची, पुन्हा ठेवला की पुन्हा बसायची, कुठे मऊपणा नाही. मी म्हटलं, "भाऊ, भारीच व्हयनं हाई काम." तो समोर बघत होता. आईच्या वळणावर थांबले, स्टेअरिंग डोंगराकडे मोडलं, गिअर काढला, हँडब्रेक ओढला. चांगला कडक ओढला. इंजिन चालूच. नारळ, अगरबत्ती घेऊन उतरले.

वाऱ्याने अगरबत्ती लागेना. काड्या विझत गेल्या. मग नारळ फुटेना, एक तर कुठला तरी हट्टी नारळ उचलून आणलेला. मी आईपुढे वाकून तो आपटत होते आणि मागे इंजिनचा आवाज चालू होता. मग तो आवाज थोडा लांबून यायला लागला. मान वळवली तर गाडी मोकळ्या जागेतून उताराला लागलेली.

मी धावले. या वयात जेवढं धावता येतं तेवढं धावले. हाक मारली की नाही आठवत नाही. काचेतून मला भाऊच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती, सरळ, कुठे न वळणारी. चाकं डोंगराकडे मोडलेली होती म्हणून ती दरीकडे गेली नाही. पुढे जिथे दरड रस्त्याला येऊन भिडते तिथे जाऊन आदळली. बोनेट चेपलं, इंजिन बंद पडलं. भाऊचं कपाळ दाराच्या खांबावर आपटून फाटलं होतं. रक्त डोळ्यात उतरत होतं आणि तो तसाच बसला होता, डावा हात मांडीवर. मी साडीच्या पदराने जखम दाबून धरली आणि तोंडाने त्याला, मिस्त्रीला, आईला, सगळ्यांना शिव्या देत राहिले.

खालून एक पिकअप येत होतं, त्यातल्या माणसांनी भाऊला उचललं. शहाद्याला टाके घातले. गाडी दोराने ओढून गॅरेजला आली.

मिस्त्रीने सगळं तपासलं. हँडब्रेक मी ओढला होता तसाच ओढलेला होता. केबल नीट, कॅलिपर नीट. दोन दिवस कुणाकुणाला फोन करून त्याने छडा लावला. ड्रम तापला की फुगतो. तापलेला असताना हँडब्रेक ओढला तर गार होता होता तो आवळत जातो, लायनरला जास्तच धरतो. डिस्कचं उलटं. डिस्क तापून जाड होते, पॅड तिला धरतात, आणि मग ती गार होऊन बारीक झाली की धरलेलं ढिलं पडतं. घाट उतरून तापलेले ब्रेक, गिअर काढलेला, आईपुढे वारा. "आपला लोके जिंदगीभर ड्रमवरच उतरनात ताई," तो म्हणाला, "कोनले माहीत ऱ्हाई?" त्याला खरंच वाईट वाटलं होतं.  त्याच्याशी माझं भांडण नव्हतंच.

भाच्याने फोनवर मला सुनावलं. पप्पांना असल्या स्थितीत घाटात न्यायची गरज होती का? मी म्हटलं, "होती." आणि फोन ठेवला.

टाके मी घरीच काढले. सकाळची वेळ, भाऊला खिडकीजवळ उजेडात बसवलं होतं. एक टाका कापला, चिमट्याने ओढला, दुसऱ्याला हात घातला, तेव्हा तो म्हणाला, "हात पोचत व्हता."

"कोना हात?"

"मन्हा." त्याने डावा हात थोडा उचलून दाखवला. बोलायला त्याला वेळ लागत होता, एकेक शब्द जिभेने ढकलावा लागत होता. "गाडी सरकनी तवय माले समजनं. हँडब्रेक बाजूलेच व्हता. हात पोचत व्हता. मी वढा नही."

मी चिमटा खाली ठेवला. मला आधी वाटलं, ब्रेक ढिला पडेल हे याला ठाऊक होतं की काय, म्हणूनच दगड नको म्हणाला की काय. मी तसं विचारलं. तो म्हणाला, नाही, ते माहीत नव्हतं. दगड नको म्हणालो ते ब्रेकच्या गुर्मीत. पण गाडी सरकली आणि त्याला वाटलं, जाते तर जाऊ दे.

एवढं बोलून त्याने कपाळ माझ्यापुढे धरलं, राहिलेले टाके काढ म्हणून. मी काढले.  जखमेला औषध लावलं, सामान उकळायला ठेवलं, आणि मागच्या दाराच्या पायरीवर येऊन बसले. तिथे तो दगड होता. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण राग आला. असा राग की दातावर दात बसले. मी याचं अंग पुसते, याची बोटं उघडते, याला भरवते, आणि याचा हात पोचत होता. बाजूलाच होता हँडब्रेक. मी मागून धावत होते ते याला आरशात दिसलं नसेल का? मी नारळ हातात घेऊन धावत होते.

त्यानंतर बरेच दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. कूस बदलायची, तोंड उघड, पाणी पी.  घरात वाऱ्यावर मिरचीचा ठसका यायचा, कारण हंगाम जोरात होता आणि पथारी दुसऱ्याला चालवायला दिली होती. आम्ही दोघं खोकत बसायचो, एक या खोलीत, एक त्या खोलीत.

गाडी नीट होऊन आली. बोनेट ठोकून सरळ केलेलं, रंग न लावलेला. मिस्त्रीने हँडब्रेक आणखी आवळून दिला आणि सांगितलं, तापलेली उभी केली तर थोड्या वेळाने पुन्हा एकदा वर ओढत चला. भाऊने खिडकीतून गाडी बघितली. होळी जवळ आली होती. एका दुपारी तो म्हणाला, "घाटमा चाल."

मी म्हटलं, कशाला? आणखी एकदा बघायचं आहे का?

तो म्हणाला, "आईना नारळ राही गया."

ते खरं होतं. नारळ फुटलाच नव्हता. मी विचार केला, करते नर्ससारखा, डोक्याने. डोक्याने उत्तर आलं की याला नेऊ नये. मग मी उठले, पायरीवरचा दगड उचलला आणि त्याला दिसेल असा, त्याच्या खिडकीसमोरून नेऊन डिकीत टाकला. 

रस्त्याने या वेळी माणसं होती. होळीसाठी डोंगरातले लोक उसावरून परत येत होते, ट्रकच्या ट्रक भरून, वर भांडी, अंथरुणं, कोंबड्या. बंद घरांच्या दारांतल्या काट्या निघाल्या होत्या. भाऊने काही बघितलं नाही. मीच बघत होते आणि त्याच्याशी न बोलता चालवत होते. वर तळ्याकाठी चहा घेतला नाही, त्याने तोंड फिरवलं.

आईच्या वळणावर थांबले. स्टेअरिंग डोंगराकडे. गिअर काढला. हँडब्रेक ओढला. इंजिन चालू. उतरून मागच्या चाकाला पुढून दगड लावला, पायाने ठोकून घट्ट बसवला. मग परत त्याच्या दाराशी आले, त्याचा डावा हात धरला, मांडीवरून उचलून त्याच्या अंगावरून पलीकडे नेला आणि हँडब्रेकच्या दांड्यावर ठेवला. म्हटलं, "धरी ठेव. मी येस तवलोंग."

नारळ पहिल्या फटक्यात फुटला. अगरबत्ती लागली. मी मागे वळून बघितलं नाही, मुद्दाम. आईला काय मागितलं ते सांगत नाही, पण बराच वेळ मागितलं. ब्रेक गार होतील एवढा वेळ.

परत आले तर हात मांडीवर होता.

"काबर काढा?" मी विचारलं.

"दगड लायेल शे ना तू," तो म्हणाला. "आरसामा दखं मी."

म्हणजे आरशात दिसतं त्याला. सगळं दिसतं. मी धावत होते तेही दिसलं असणार. माझ्या तोंडात पुष्कळ आलं होतं. मी म्हटलं, "हो, लायेल शे. आनि लावतच ऱ्हासू." आणि त्याचं दार लावून मागच्या चाकाकडे गेले.

डिस्क गार झाल्या होत्या. गाडी केसभर पुढे सरकून दगडावर बसली होती, सगळा भार दगडावर. आता निघायचं तर आधी आत बसून हँडब्रेक पुन्हा ओढायचा आणि मग दगड काढायचा. मिस्त्रीने सांगितलं होतं, मला चांगलं ठाऊक होतं. मी तसं केलं नाही. मी चाकापाशी खाली बसले, दोन्ही हातांनी दगड धरला. बोटं दगडाच्या आणि टायरच्या मधे. रबराला अजून ऊब होती. मला भीती वाटत होती, आणि रागही होता, आणि त्या दोन्हींत मी बोलले. आवाज मोठा काढावा लागला, इंजिन चालू होतं.

"भाऊ, मन्हा हात चाकखाल शे. मी दगड काढी ऱ्हायनू. धरी ठेव."

काही झालं नाही. आंब्याखालून धूर येत होता. रस्त्याने एक ट्रक गेला, वरची पोरं हात हलवत होती. मला त्या ट्रकला हात करावासा वाटला, या रे, कोणीतरी या. हात मोकळे नव्हते.

मग आत सीट करकरली. अंग वळवताना करकरते तशी. थोडा वेळ गेला, त्याला पोचायला लागतो तेवढा. आणि हँडब्रेकच्या दातांचा आवाज आला, एक, मग आणखी एक, मग दम खाऊन आणखी एक. चाकाचा भार माझ्या बोटांवरून निघून गेला.

मी दगड काढून घेतला.